दांकोचं घडीचं घर

"माणसाने आजवर दोनच खरे शोध लावले," दांको व्रसालोविच म्हणाला. "एक चाक आणि दुसरं छप्पर. बाकीची सगळी सजावट. पण एवढी हजारो वर्षं उलटली, तरी ह्या दोघांचं लग्न लावून द्यावं असं एकाही शहाण्याला सुचलं नाही."

रविवारची जेवणं उरकली होती आणि टेबलावर त्रुकोचा डाव पडला होता. समोर चिंदो ओयार्सो बसला होता, दांकोचा तरुणपणापासूनचा मित्र आणि त्याच्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे त्या नात्याने त्याचा कोंपाद्रे. हातातल्या पानांवरून नजर न हलवता तो म्हणाला, "त्याला बस म्हणतात, कोंपाद्रे."

"बस दुसऱ्याची असते."

"म्हणून तर तिकीट काढतात. खेळ, तुझी पाळी आहे."

चुलीपाशी यर्बाच्या कडू चहासाठी पाणी तापवत उभ्या असलेल्या नेल्दाने मागे न बघता भर घातली, "चिलोएची बस गुरुवारी सकाळी सुटते. मी विचारून ठेवलंय."

दांको तो डाव हरला, आणि पुढचाही. मानवजातीच्या उणिवा भरून काढायच्या विचारात असलेल्या माणसाचं पत्त्यांकडे लक्ष राहत नाही.

विषय निघाला होता तो सकाळी आलेल्या फोनवरून. नेल्दाची थोरली बहीण उबेर्लिंदा चिलोए बेटावर बापाच्या लाकडी घरात राहायची. ते घर अगदी किनाऱ्यावर, आणि किनारा दर हिवाळ्याला थोडाथोडा समुद्रात जायचा. आता लाटा कुंपण ओलांडून कोंबड्यांच्या खुराड्याला लागल्या होत्या. तेव्हा तिने ठरवलं होतं, की जानेवारीच्या मोठ्या उधाणाला घर हलवायचं. तिकडे घर हलवायचं म्हणजे सामान हलवत नाहीत, घरच हलवतात. खालून ओंडके सारायचे, बैलजोड्या जुंपायच्या, गावातल्या सगळ्यांनी दोर धरायचे, घर ओढत भरतीच्या पाण्यात न्यायचं, होड्यांनी खाडीपलीकडे खेचायचं आणि पुन्हा बैल लावून नव्या जागेवर चढवायचं. मजुरी कोणी घेत नाही. घरवाल्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि दुसऱ्याचं घर निघेल तेव्हा आपण दोर धरायला जायचं.

नेल्दा लहान असताना हेच घर एकदा असं ओढलं होतं. तेव्हा बापाने दोघी बहिणींना आत स्वयंपाकघरात बसवलं होतं. घर जाताना त्यात घरचं माणूस असावं, नाहीतर नव्या जागी ते परक्यासारखं वागतं, असं तो म्हणायचा. बाकी गाव हसायचं, पण पोरी बसल्या होत्या. खिडकीतून शेतं सरकताना बघितल्याचं नेल्दा अजून सांगायची, आणि सांगताना तिचे हात खिडकीची चौकट धरल्यासारखे वर जायचे.

"या वेळी पण आपण दोघी बसू," उबेर्लिंदा फोनवर म्हणाली होती. "आता दोघींचं वजन धरून बैल एक जोडी जास्त सांगितलेत."

नेल्दाने आयुष्यात नवऱ्याकडे फार मागितलं नव्हतं. हे मागितलं. आणि दांको लगेच हो म्हणाला, त्यातच खरी गोम होती. नुसतं हो म्हणून तो बसचं तिकीट काढता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण दांकोला तिथे पार्सलासारखं जाऊन उतरायचं नव्हतं. त्याला स्वतःचं घर पाठीवर घेऊन जायचं होतं. पिकअपच्या हौद्यावर बसवायची एक खोली त्याने इंटरनेटवर बघितली होती. आत पलंग, शेगडी, कपाटं. प्रवासात छप्पर खाली दुमडलेलं, मुक्कामाला ते वर उचलायचं की कापडी भिंती ताणल्या जातात आणि आत माणूस ताठ उभा राहतो. सांतियागोत एक विक्रेता त्या विकायचा, पण त्याची किंमत ऐकून दांको खुर्चीवरून उठला होता. मग त्याने शोधून काढलं, की त्याच खोल्या समुद्रापलीकडच्या ज्या कारखान्यात बनतात, तो कारखाना थेट गिऱ्हाइकालाही माल देतो. मधला दलाल गेला की किंमत एखाद्या जुन्या फ्रिजला शोभेल अशी खाली येत होती.

"आणि करमुक्त पेठेतून आणायची," दांको म्हणाला.

हे त्याने सांगायची गरज नव्हती. चिलीच्या पार दक्षिण टोकाला असलेल्या पुंता अरेनासच्या माणसाला दोन गोष्टींचं बाळकडू मिळतं. एक म्हणजे गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची, नाहीतर दार उघडल्याबरोबर ते शेजारच्या अंगणात जातं. आणि दुसरी म्हणजे कुठलीही परदेशी वस्तू गावच्या करमुक्त पेठेतूनच घ्यायची. कर भरून काही घेतलं, तर लोक बोलत काही नाहीत, पण घरी आजारपण आहे का, असं चौकशीच्या सुरात विचारतात. दांको तेलकंपनीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, मोजूनमापून चालणारा माणूस. पण कर भरून ती खोली मागवावी, हा विचार त्याच्या मोजमापात कुठे बसलाच नाही.

कारखान्याच्या वतीने मिस फ्लोरा नावाची बाई फोनवर संदेश पाठवायची. तिची भाषा यंत्राने भाषांतर करून दिलेली असायची, पण वागणं गोड होतं. "प्रिय मित्र दांको, आपला प्रश्न आम्हाला आनंद देतो." दांकोने तिला पुष्कळ आनंद दिला. रोज सकाळी यर्बाची नळी तोंडात धरून तो प्रश्न लिहायला बसायचा.

आधी त्याने खोलीतून वस्तू काढायला लावल्या. न्हाणीघर काढलं. "वाटेत अख्खं पॅटागोनियाचं माळरान मोकळं पडलंय," असं त्याने नेल्दाला सांगितलं, आणि तिने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मिस फ्लोराने खोली गार ठेवायचं यंत्र फुकट देऊ केलं, तेव्हा तो अंगणात जाऊन उभा राहिला, टोपी उडत असताना स्वतःचा फोटो काढला आणि तिला पाठवला. त्यानंतर तिने यंत्राचा विषय काढला नाही.

मग त्याने वस्तू घालायला सुरुवात केली. ह्या सगळ्या नेल्दासाठी होत्या. तिच्या गुडघ्यांसाठी दाराशी एक जादा पायरी. शेगडीवर किटलीसाठी आकडा, तिचा हात पोचेल अशा उंचीवर. पलंगाशी खिडकी, पडल्यापडल्या बाहेर दिसावं म्हणून. प्रत्येक गोष्टीचं चित्र तो पट्टीने काढून पाठवायचा. खिडकीची चित्रं तर वहीभर झाली.

"माझ्या गुडघ्यांना विचारलंस का, म्हाताऱ्या?" नेल्दा म्हणायची. "त्यांना विमान चालतं."

"विमानात किटलीला आकडा असतो का?"

"विमानात बाई चहा आणून देते."

हे असं हसण्यावारी जायचं. नेल्दालाही मनातून गंमत वाटत होती, हे दांकोला कळायचं. आकड्याच्या चित्राखाली तिने एकदा स्वतः पेन्सिलीने लिहिलं होतं, "जरा डावीकडे."

मिस फ्लोराला त्याने घर ओढायची हकीकतही सांगितली. ती फार हरखली. तिने उधाणाची तारीख विचारून घेतली, आणि पुढे तो तिसऱ्यांदा खिडकी सरकवायला निघाला तेव्हा तिने लिहिलं, "प्रिय मित्र दांको, खिडकी आता चांगली आहे. पुन्हा बदलल्यास जहाज चुकेल आणि आपल्या पत्नीच्या बहिणीचं घर निघून जाईल. कृपया खिडकीला शांत राहू द्या."

दांकोने तो संदेश चिंदोला वाचून दाखवला. "बघ कशी घाई करतेय. माल खपवायचा असला की हे लोक असंच करतात."

"मला तर ती बरोबर बोलतेय असं वाटतं," चिंदो म्हणाला.

"तुला खिडकीतलं काय कळतं?"

"खिडकीतलं नाही कळत. जहाजातलं कळतं. ते निघून जातं."

खिडकी चार बोटं सरकली. जहाज निघून गेलं.

उबेर्लिंदाला सांगायचं काम नेल्दाने केलं, दुसऱ्या खोलीत जाऊन, दार लावून. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "तिने पुढे ढकललंय. फेब्रुवारीच्या उधाणाला. तुझ्यासाठी निरोप आहे."

"काय?"

"म्हणाली, जावईबुवांना सांग, बैलवाल्यांच्या आणि होडीवाल्यांच्या घरी मी जातीने जाऊन तोंड पाडून उभी राहिले. खुराडं गेलं. आता समुद्र जिन्याच्या पायरीवर बसलाय. यापुढे माझ्या हातात नाही."

"फेब्रुवारीत आपण तिथे असू," दांको म्हणाला. "तिच्या आधी आपलं छप्पर वर होईल, बघ."

खोली आली, ती खरोखर बरी होती. शिवण पक्की, कपाटं लागत होती, खिडकी दांकोला हवी तिथेच होती. दांको आणि चिंदोने वर्कशॉपच्या चेनब्लॉकने ती उचलून पिकअपवर बसवली आणि छप्पर उघडायचा समारंभ अंगणात ठेवला. शेजारीपाजारी जमले. दिवस नेहमीसारखा होता, म्हणजे माणसं बोलताना एकमेकांच्या बाहीला धरून उभी होती.

छप्पर वर गेलं. कापडी भिंतींनी एकदा श्वास घेतला, आणि मग त्या श्वास सोडीनात. पिकअप मागच्या चाकांवर हलकी झाली. चिंदो एका कोपऱ्याला लोंबकळला, दोन शेजारी दुसऱ्या कोपऱ्यांना.

"कोंपाद्रे," चिंदो लोंबकळत म्हणाला, "तू घर मागवलंस की शिडाचं जहाज?"

दांकोने मिस फ्लोराला लिहिलं. उत्तर आलं, "प्रिय मित्र, छप्पर साधारण वाऱ्यात उघडावे."

"आमच्याकडे हाच साधारण," दांकोने कळवलं.

"मग आपण फार शूर आहात."

तेव्हा ठरलं, की मुक्काम नेहमी कशाच्या तरी आडोशाला करायचा. डोंगर, गोदाम, ट्रक, काहीही. शेजारी पांगल्यावर गाडी घराच्या आडोशाला लावून छप्पर पुन्हा उघडलं, आणि नेल्दा पहिल्यांदा आत गेली. ती पलंगावर बसली. खिडकीतून बघितलं. उभी राहून आकड्याला हात लावला. हात बरोबर पोचला.

"छान केलंयस रे," ती म्हणाली. तिने थट्टा केली नाही. दांकोला पुढे जे जे आठवत राहिलं, त्यात हे वाक्य सगळ्यात जास्त छळायचं.

तीन दिवस हाताशी जादा ठेवून ती दोघं शनिवारी निघाली. नेल्दाने बहिणीसाठी कालाफातेच्या रानफळांचा मुरंबा घेतला होता, आणि स्वतःसाठी जाड लोकरीची शाल, कारण पाण्यावर घर गार पडतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं. चिलोएला रस्त्याने जायचं तर आधी अर्जेंटिनात शिरावं लागतं आणि खूप वर जाऊन पुन्हा चिलीत यावं लागतं. तेव्हा पहिला गाठायचा तो सीमेवरचा नाका.

नाक्यावर कस्टमचा एक तरुण अंमलदार बाहेर आला. त्याने पिकअपभोवती एक चक्कर मारली आणि कौतुकाने खोलीवर थाप मारली.

"सुरेख आहे, काका. पेठेतून आणलंत?"

"नाहीतर कुठून आणणार?" दांको अभिमानाने म्हणाला.

"मग प्रांताबाहेर तात्पुरतं न्यायचा परवाना दाखवा."

"गाडीला लागत नाही तो. तिचा कर मी केव्हाच भरलाय."

"गाडीचं नाही म्हणत. वरच्या खोलीचं म्हणतोय. पेठेतला माल कर न भरता घेतला की तो प्रांतात राहतो. बाहेर न्यायचा तर आधी कागद लागतो."

"ते गाड्यांना. हे सामान आहे."

"सामान?"

"ह्याला इंजिन नाही, चाक नाही, नंबरपाटी नाही. सुटकेसला तरी हे कुठे असतं?"

"काका, सुटकेसमध्ये शेगडी नसते."

"माझ्या बायकोच्या सुटकेसमध्ये काय काय असतं ते तुम्ही बघितलेलं नाही."

अंमलदार हसला. नेल्दाही हसली. पण फाटक काही वर गेलं नाही. दांकोने आवाज चढवून बघितला, मग उतरवून बघितला. अंमलदार भला माणूस होता. तो खिडकीशी वाकून म्हणाला, "असं करा. परत जा, हे घरी उतरवून ठेवा आणि रिकामी पिकअप घेऊन उद्या सकाळी या. मी इथेच असेन. लगेच सोडतो."

"चल," नेल्दा म्हणाली. "चिंदोला आताच फोन कर, चेनब्लॉक तयार ठेवील. उद्या निघालो तरी उधाणाआधी पोचतो. वाटेत लॉज आहेत."

दांको स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला.

त्या वेळी त्याच्या डोक्यात काय होतं, ते त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. त्याच्या डोक्यात नेल्दाचा बाप होता. लग्नाची बोलणी करायला दांको त्या किनाऱ्यावर गेला होता, तेव्हा म्हाताऱ्याने विचारलं होतं, "पोरा, तुझं घर कुठाय?" दांकोने सांगितलं, कंपनीच्या वसाहतीत. म्हातारा म्हणाला, "ते कंपनीचं. तुझं कुठाय? उद्या दोर लावून ओढायचं म्हटलं तर ओढता येईल असं?" सगळे हसले होते, दांकोसुद्धा. म्हातारा जाऊन किती वर्षं झाली, पुढे दांकोने विटांचं घर बांधलं, पण विटांचं घर ओढता येत नाही. त्याला त्याच घराच्या बाजूला आपलं घर नेऊन उभं करायचं होतं. बैलांच्या, होडीवाल्यांच्या, सगळ्या गावाच्या देखत.

"नको," तो म्हणाला. "सोमवारी कचेरीत जाऊन कागद आणतो. मंगळवारी निघू. वेळ आहे."

"दांको."

"अगं, एका कागदाचा प्रश्न आहे. इतकी बनवून घेतलेली खोली अंगणात टाकून जायचं?"

 नेल्दा कुठलीही गोष्ट एकदाच सांगायची. दांकोला हे संसारातलं मोठं सुख वाटत आलं होतं.

परतताना वारा पाठीमागून होता, त्यामुळे गाडीत फार शांत होतं.

सोमवारी कचेरीत कळलं, की तो कागद ज्या बाई करतात त्या रजेवर आहेत. फेब्रुवारीत, तिकडच्या भर उन्हाळ्यात, अख्खा देश रजेवर असतो, हे दांकोला माहीत असायला हवं होतं, तो स्वतःही नोकरीत दर फेब्रुवारीला रजेवर असायचा. त्यांच्या जागी बसलेला गृहस्थ अर्ज घ्यायला तयार होता, सही करायला नव्हता. मंगळवारी दांको पुन्हा गेला. बुधवारीही गेला, मुरंब्याची एक बाटली घेऊन. गृहस्थाने बाटली परत केली आणि खुर्ची दिली.

संध्याकाळी चिंदो आला. नेल्दा मागच्या दारी होती. तो दबक्या आवाजात म्हणाला, "चल, उतरवू ती खोली. आत्ता. रिकामी गाडी घेऊन जा."

"आता निघून पोचणार नाही."

"विमान?"

"बघितलं. सगळी भरलीत. फेब्रुवारी आहे."

"शनिवारी का नाही उतरवलीस?"

 चिंदोने टोपी घातली. दारातून म्हणाला, "रविवारी पत्ते नकोत. मला जरा काम आहे." निवृत्त झाल्यापासून चिंदोला रविवारी कधी काम नसायचं.

उधाण आलं ते ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. उबेर्लिंदाच्या शेजारणीने फोनवर चित्र लावून दिलं. नेल्दाने स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला आणि समोर बसली. खांद्यावर ती जाड शाल होती. दांको मागे उभा राहिला. बस म्हणाली असती तर बसला असता.

बैल एका दमात वाकले. घर कुरकुरलं, ते त्या लहानशा फोनमधूनही ऐकू आलं. माणसं ओरडत होती, कुत्री भुंकत होती, कोणीतरी आधीच पिऊन दोराऐवजी दुसऱ्याचा हात ओढत होता. घर उतरणीवरून पाण्याकडे निघालं, धुराड्यातून धूर निघतच होता, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उबेर्लिंदा दिसली. एकटी. पाण्यात शिरताना घर एका बाजूला कललं, मग ते तरंगलं. होड्यांनी दोर ताणले. सकाळच्या करड्या पाण्यावर ते घर असं काही चाललं होतं, जणू त्याला वाट माहीत होती.

नेल्दाचे हात टेबलावर होते. ते वर गेले नाहीत.

दुपारी उबेर्लिंदाचा फोन आला. मागे जेवणाचा गोंगाट होता, खड्ड्यात शिजवलेले शिंपले आणि बटाटे वाढले जात होते. ती रागावलेली नव्हती, तेच दांकोला जड गेलं.

"पोचलो गं," ती म्हणाली. "एक काच फुटली, बाकी काही नाही. तुझी खुर्ची ठेवली होती मी, खिडकीपाशी, माझ्या समोर. पाण्यात घर कललं ना, तेव्हा ती सरकत सरकत येऊन मला चिकटली. मग तशीच राहू दिली."

"बरं केलंस," नेल्दा म्हणाली.

"जावईबुवा आहेत का तिथे?"

नेल्दाने मागे वळून दांकोकडे बघितलं. "बाहेर गेलेत," ती म्हणाली.

कागद दोन दिवसांनी आला. रजेवरच्या बाई लवकर परतल्या होत्या आणि त्यांनी स्वतः फोन करून आनंदाने कळवलं, की एवढ्या सुंदर कल्पनेला आपली सही मिळाली याचा त्यांना अभिमान वाटतो. दांकोने त्यांचे आभार मानले. घरी येऊन त्याने कागद टेबलावर ठेवला.

"अजून जाता येईल," तो म्हणाला. "नवी जागा बघता येईल."

"नवी जागा फोनवर दिसली," नेल्दा म्हणाली. "आता जाऊन काय करू? घराला विचारू, प्रवास कसा झाला म्हणून?"

ती टोचून बोलली नव्हती. तिने खरंच तसा विचार केला होता, आणि तसं काही विचारण्यासारखं तिला सापडलं नव्हतं.

मिस फ्लोराचाही संदेश आला. "प्रिय मित्र दांको, बहिणीचं घर सुखरूप पोचलं का? आपलं घर त्याच्या शेजारी उभं आहे असा फोटो पाठवावा, आम्हाला फार आनंद होईल."  एरवी एका खिडकीवर पानभर लिहिणाऱ्या माणसाने एवढंच लिहिलं, "घर पोचलं." तिने हसरे चेहरे पाठवले. ते त्याने पुसून टाकले नाहीत, पण पुढचे प्रश्न लिहिले नाहीत.

खोली अंगणातच राहिली, पिकअपवर, वाऱ्याकडे तोंड करून. चिंदो काही रविवार गेल्यावर पुन्हा पत्त्यांना यायला लागला. त्या खोलीवरून तो एकही विनोद करायचा नाही. त्यावरून दांकोला कळायचं, की प्रकरण किती गंभीर आहे. नेल्दा नेहमीसारखी होती. स्वयंपाक करायची, बहिणीशी बोलायची, टोपी न घालता बाहेर गेल्याबद्दल रागवायची. फक्त कशाबद्दलच "आपण जाऊ या का" असं म्हणायची नाही. गावातल्या गावात कुठे जायचं असलं, तर शाल घेऊन एकटी निघायची आणि परत आल्यावर कोण कोण भेटलं ते सांगायची.

उन्हाळा सरल्यावर शरद ऋतूतल्या एका दुपारी वारा त्यातल्या त्यात पडला होता. दांकोने पिकअप घराच्या बाजूला आडोशाला घेतली, छप्पर वर केलं आणि आत पलंगावर जाऊन बसला. आजकाल तो तिथे बसायचा. किटली आकड्याला टांगलेली असायची, पण पाणी तापवलेलं नसायचं. त्या दिवशी तो एक भाषण जुळवत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माफी मागायचा सराव नव्हता, म्हणून शब्द आधी जमवून ठेवावेत असं त्याला वाटलं. शब्द चांगले जमत होते. पहिल्या भागात माणूस आणि गर्व, दुसऱ्या भागात बायकोने एकदाच सांगितलेली गोष्ट, आणि शेवटी नुसतं तिचं नाव.

बाहेर पावलं वाजली. नेल्दा दाराशी येऊन उभी राहिली. काखेत धुण्याची टोपली होती. वाऱ्याने केस चेहऱ्यावर येत होते आणि हात मोकळा नसल्याने ती ते फुंकून बाजूला करत होती.

"नेल्दा," दांको उठून उभा राहिला. त्या छपराखाली माणूस खरोखर ताठ उभा राहू शकत होता. "जरा ऐक. मला बोलायचंय."

"बोल."

जुळवलेला पहिला भाग आठवेना. दुसराही नाही. "त्या दिवशी नाक्यावरून," तो म्हणाला, "मी रिकामी गाडी घेऊन तुला न्यायला हवं होतं. तू सांगितलं होतंस. मला ते तेव्हाही कळलं होतं. कळून मी केलं नाही. ती खुर्ची... माझ्यामुळे ती खुर्ची रिकामी गेली. ते मला भरून देता येत नाही, म्हातारे. मी रोज इथे बसून बघतो, काही सुचतं का. सुचत नाही."

नेल्दा ऐकत होती. तिने टोपली एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. तिने त्याच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग त्याच्या डोक्यावरच्या छपराकडे.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मग हे छप्पर जरा खाली घे," ती म्हणाली. "पलीकडे चादरी वाळत टाकल्यात, ह्याच्या आडोशाने त्यांना वारा लागत नाहीये."